केहिमकरांचा इतिहास आणि जमिनीखालचा पुरावा

"केहिमकरांनी लिहून ठेवले आहे," असे वडिलांनी एकदा म्हटले की आमच्या घरातला वाद तेथेच संपत असे. पूर्वज कोठून आले, केव्हा आले, नौगावच्या किनाऱ्यावर किती जण वाचले, या सर्व प्रश्नांचे उत्तर त्या एका वाक्यात होते. गंमत अशी की आमच्या घरी तो ग्रंथ नव्हता आणि वडिलांनी तो कधी पाहिलाही नव्हता. अलिबागेच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या आम्हा मुलांना तर तो इंग्रजीत आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. पुढे मी मुंबईस परिचारिकेचे शिक्षण घेतले, नोकरीसाठी आखातात आले, तीस वर्षांहून अधिक काळ वॉर्डात काढला. आता निवृत्त होऊन अल नहदा येथे मुलाच्या घरी राहते. भाच्याने मुंबईहून एक प्रत आणून दिली, तेव्हा कोठे हा ग्रंथ मी पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला.

वाचून दोन गोष्टी मनात आल्या. ग्रंथ फार मोलाचा आहे ही पहिली. आणि ज्या गोष्टीसाठी आपण तो प्रमाण मानतो, तीच त्यातली सर्वांत कच्ची बाजू आहे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. कै. हाईम सॅम्युएल केहिमकर हे मूळ किहीम गावचे घराणे. मुंबईत आपल्या मुलांसाठी १८७५ साली जी इस्राएली शाळा निघाली, ती काढण्यात त्यांचा पुढाकार होता; हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. शाळेची वर्गणी, समाजाची गाऱ्हाणी, परक्यांच्या शंका, हे सर्व सांभाळीत त्यांनी माहिती जमवली आणि १८९७ साली इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला मात्र चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या संपादनाखाली. छापील पुस्तक पाहणे लेखकाच्या नशिबी नव्हते. सण, लग्नविधी, नावे, आडनावे, गावे, धंदे, पलटणीत नाव काढलेले लोक, असा सगळा संसार त्यांनी या ग्रंथात मांडून ठेवला आहे. दुसऱ्या कोणी ते त्या वेळी लिहिले नसते तर आज आपल्यापाशी काहीच उरले नसते.

केहिमकरांचा मुख्य सिद्धान्त सर्वांना पाठ आहे. सीरियाचा राजा अँटिओकस एपिफानीस याच्या छळाला कंटाळून आपले पूर्वज इ.स.पू. १७५ च्या सुमारास मायभूमीतून निघाले. खांदेरी-उंदेरीच्या जवळ त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचून नौगावी लागल्या. ज्यांची प्रेते वाहून आली त्यांना तेथेच मूठमाती दिली. आपले लोक गालीलचे, आणि गालील हा जैतुनाच्या तेलाचा मुलूख, म्हणून कोकणातही ते तेलाच्या धंद्यात शिरले व शनवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हटले गेले, असेही आपल्यात सांगतात.

या सनावर बोलण्यापूर्वी वॉर्डातली एक आठवण सांगते. मी मुंबईत शिकत असताना आमच्या वॉर्डात रेवसकडची एक म्हातारी दाखल झाली. केसपेपरावर पहिल्या बाळंतपणाचे साल हवे होते. ती ठामपणे म्हणाली, "रामदास बोट बुडाली ना बाय, तवा मी पोटुशी होते." रामदास बुडाली १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून रेवसला निघालेल्या त्या बोटीत सहाशेहून अधिक माणसे गेली. मी निमूटपणे १९४७ लिहिले. संध्याकाळी तिचा थोरला मुलगा आला. तो म्हणाला, "सिस्टर, माझा शाळेचा दाखला १९४९ चा आहे, आणि माझ्या आधी कोणी झालेले नाही." म्हातारी खोटे बोलत नव्हती. तिच्या गावावर जो सर्वांत मोठा घाला पडला, त्याच्या खुंटीला तिने आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट नेऊन टांगली होती. बोट बुडाली हे खरे, मूल झाले हेही खरे. दोहोंची गाठ तेवढी तिने मारलेली. तेव्हापासून मला सवय लागली की रोग्याने सांगितलेली हकिगत जशीच्या तशी लिहून घ्यावी, पण तारीख दुसरीकडे पडताळून पाहावी.

केहिमकरांचे १७५ हे साल मला त्या म्हातारीच्या रामदास बोटीसारखे वाटते. पाहा: अँटिओकस गादीवर आला तोच मुळी इ.स.पू. १७५ मध्ये. मंदिराची विटंबना, सुंतेवर व शब्बाथावर बंदी, हा जो छळ आपण हनुक्काच्या कथेत ऐकतो, तो इ.स.पू. १६७ चा. म्हणजे छळाला कंटाळून निघालेले लोक छळाच्या आठ वर्षे आधीच निघाले, असे होते. गालीलचेही असेच. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात पाचव्या अध्यायात सांगितले आहे की गालीलातील यहुदी शेजाऱ्यांच्या हल्ल्यात सापडले, तेव्हा शिमोनाने जाऊन त्यांना बायकामुलांसह यहुदियात आणले. ज्यांना असे उचलून आणता येते त्यांची वस्ती फार मोठी नसणार. अलीकडच्या पिढीतील संशोधकांनी गालीलातील खेडी पायी हिंडून पाहिली, खापरे व नाणी गोळा केली. त्यावरून दिसते की तेथे यहुदी वस्ती खरी वाढली ती पुढे, हसमोनी राजांनी तो प्रदेश जिंकल्यावर, इ.स.पू. १०० च्या आसपास व त्यानंतर. जैतुनाचे तेल आणि यहुदी खेडी यांनी भरलेला गालील हे चित्र त्या नंतरच्या काळाला शोभते, १७५ ला नाही.

केहिमकरांचा दुसरा आधार हनुक्काचा. आपल्या पूर्वजांना हनुक्का ठाऊक नव्हता, सबब ते हनुक्काच्या आधी निघाले असले पाहिजेत. वरवर पाहता हा मुद्दा बिनतोड वाटतो. परंतु याच पूर्वजांपाशी तोरा नव्हती, इब्री लिपी नव्हती, शेमाखेरीज प्रार्थना उरली नव्हती, हे केहिमकर स्वतःच सांगतात. ज्यांचे इतके हरवले त्यांचा हनुक्का हरवला नसेलच कशावरून? रोग्याला एखादे दुखणे आठवत नाही, यावरून ते त्याला झालेच नव्हते असे कोणी लिहीत नाही. शिवाय आपल्यातलेच काही जण जेव्हा म्हणतात की आपण हरवलेल्या दहा वंशांपैकी, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकात अश्शूराने नेलेल्यांपैकी, तेव्हा एक अडचण उभी राहते. आपले पूर्वज होळीचा सण पाळीत, तो पुरीम. आणि पुरीमची कथा शुशन राजवाड्यातली, इराणच्या बादशाहीतली, दहा वंश गेल्यानंतर कितीतरी शतकांची. हनुक्का नाही म्हणून पुरावा धरायचा, तर पुरीम आहे याचाही धरला पाहिजे.

चौदा माणसांचेही थोडे जपून घ्यावे. आपल्याच किनाऱ्यावर, चित्पावनांविषयी, समुद्राने वाहून आणलेल्या व परशुरामाने जिवंत केलेल्या चौदा प्रेतांची आख्यायिका सांगतात. दोन समाज, एकच किनारा, आणि संख्या तीच. कोणी कोणाचे घेतले हा वाद मला घालायचा नाही. कोकणच्या किनाऱ्यावर "आम्ही येथे कसे आलो" हे सांगण्याची एक ठरलेली रीत होती आणि आपल्या पूर्वजांनी ती उचलली असावी, एवढेच मला त्यातून दिसते. गलबत फुटले नसेल असे यातून निघत नाही; त्या पाण्यात गलबते फुटतातच.

आता कोणी म्हणेल, इतक्या थोर माणसाच्या ग्रंथात चुका काढण्याचा अधिकार एका नर्सबाईला कोणी दिला? याला उत्तर म्हणून यरीहोची गोष्ट सांगते. जॉन गारस्टँग या इंग्रज संशोधकाने १९३० ते १९३६ या काळात यरीहोचे टेकाड खणले आणि कोसळलेला तट सापडताच जाहीर केले की यहोशवाच्या वेळी पडला तो हाच. जगभर आनंद झाला. पुढे १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलिन केनियन या बाईंनी तेच टेकाड अधिक बारकाईने, थर मोजीत खणले. गारस्टँगचा तट यहोशवाच्या मानलेल्या काळाहून हजारएक वर्षे जुना निघाला. म्हणून कोणी पवित्र शास्त्र फेकून दिले नाही, की गारस्टँगला लबाड म्हटले नाही. त्यांनी खोदलेली जमीन खरी होती. वाचन चुकले होते, कारण काय सापडायला हवे हे खोदण्याआधीच मनात पक्के होते.

केहिमकरांच्या मनातही काही पक्के होते, आणि ते का होते हे समजून घेतल्याशिवाय त्यांना न्याय मिळणार नाही. त्यांच्या काळी मुंबईतले बगदादी यहुदी आपल्याला बरोबरीचे मानायला कचरत होते. आपल्या रक्ताविषयी, लग्नविधीविषयी शंका घेत होते. दुसऱ्या बाजूने मिशनरी होते. ज्यांचे नाव विल्सन कॉलेजला आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८४३ साली ते मिसर, सीनाय व पॅलेस्टाईन हिंडले आणि १८४७ मध्ये पवित्र शास्त्रातील देशांवर दोन खंडांचा प्रवासग्रंथ एडिंबरोहून काढला. त्यात आपल्या समाजाविषयीही मजकूर आहे. विल्सनसाहेबांचे उपकार मोठे, पण त्यांचा हेतू धर्मांतराचा होता आणि आपण त्यांना हवे होतो ते पवित्र शास्त्राचा जिवंत दाखला म्हणून. अशा दोन बाजूंच्या कचाट्यात केहिमकर लिहायला बसले. त्यांना नुसता इतिहास लिहायचा नव्हता. समाजाचा दाखला सादर करायचा होता, आणि दाखल्यावर तारीख लागते.

यातून आणखी एक गोष्ट झाली, जिचा केहिमकरांनी पुरेसा विचार केलेला दिसत नाही. त्यांनी ज्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून हकिगती घेतल्या, त्यांच्या घरांत मिशनऱ्यांनी छापलेले मराठी शास्त्र दोन पिढ्या वाचले जात होते. ऐकलेले कोणते आणि वाचलेले कोणते, हे वेगळे करणे तोवर अवघड झाले होते. वॉर्डात रोग्याच्या नातेवाइकांनी त्याला आधीच उत्तरे पढवली असली की त्याची हकिगत घेण्यात अर्थ राहत नाही, तसेच हे. म्हणून मला १७३८ सालची एक छोटी नोंद जास्त मोलाची वाटते. सार्टोरियस नावाच्या मद्रासच्या मिशनऱ्याने ऐकीव माहितीवरून लिहिले की पश्चिम किनाऱ्यावर बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत. त्यांच्यापाशी शास्त्र नाही, इब्री येत नाही, शेमा तेवढा ठाऊक आहे. मराठी शास्त्र आपल्या हाती येण्याआधीचे हे वर्णन. तेव्हाही नाव होते, आणि शेमा होता.

मग केहिमकरांच्या ग्रंथात खरे सोने कोठे आहे? माझ्या मते सणांच्या प्रकरणात. आपण ते वाचताना "जुन्या लोकांच्या भोळ्या चाली" म्हणून पाने उलटतो, पण त्यांचे खरे उत्खनन तेथे आहे. पवित्र भूमीतल्या टेकाडांचे थर खापरांवरून ओळखता येतात हे फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० मध्ये तेल एल-हेसी येथे दाखवून दिले. केहिमकरांनी त्याच दशकात, कुदळ हाती न घेता, आपल्या सणांच्या नावांचे थर जपून ठेवले.

वरचा थर इब्री नावांचा: रोश हशाना, किप्पूर, पेसाह. हा कोचीनच्या शिक्षकांकडून, मिशनऱ्यांच्या व्याकरणातून, आणि १७९६ साली सॅम्युएल इझेकियल दिवेकरांनी मुंबईत पहिली मशीद बांधल्यावर पसरला. (आपले जुने लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, हे वाचकांना सांगायला नको.) त्याखाली हिंदुस्तानी थर: रमजान, नव्याचा रोजा, एलियाहू हन्नबीचा उरूस. मुसलमान शेजारी व राज्यकर्ते यांच्या काळात ही नावे चिकटली. आणि सर्वांखाली मराठी थर: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनशी धाकाचा सण, बिरड्याचा सण. केहिमकर व त्यांच्यानंतरचे अभ्यासक या खालच्या थराला सर्वांत जुना मानतात आणि ते मला पटते.

यातला एकच तुकडा हातात घेऊन पाहा. अनशी धाकाचा सण म्हणजे आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. तो निसानात, पेसाहच्या वेळी येई. पेसाहात खमीर घरात ठेवायचे नाही ही तोरेची आज्ञा. पण कोकणात भात खाणाऱ्या माणसाच्या घरी खमिराची भाकर कोठून असणार? खमिराला इब्रीत जो शब्द आहे, हामेत्स, त्याच्या धातूचा अर्थच मुळी आंबणे, आंबट होणे. पुस्तक गेले, भाषा गेली, मिसरातून सुटकेची कथाही अंधुक झाली. आणि तरी कोणा एका आजीने वर्षातल्या त्या आठवड्यात आंबटाचे मडके झाकले, तिच्या सुनेने झाकले, तिच्या सुनेने झाकले. का झाकायचे हे कोणाला सांगता येत नव्हते. माझ्या मते या झाकणाइतका भक्कम पुरावा ग्रंथात दुसरा नाही, कारण कोणी तो पुरावा म्हणून तयार केलेला नव्हता. दारफळणीचेही तेच. प्रार्थनामंदिर नाही, हजान नाही, पण किप्पूरच्या दिवशी घराची दारे लावून पांढऱ्या वस्त्रात बसायचे आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दानधर्म करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायचे.

अर्थात या थरावरूनही सनाचा दाखला मिळत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. सणाचे नाव आणि सणाचे वय या दोन गोष्टी आहेत; जुने तूप नव्या बरणीत भरता येते. मराठीचा सर्वांत जुना कोरीव लेख म्हणून ज्याचा मान आहे तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा आक्षीचा शिलालेख. आक्षी अलिबाग तालुक्यातलीच. आपल्या गावांच्या मधोमध म्हणाना. आपल्या सणांची मराठी नावे फार तर त्या दगडाच्या आगेमागे नेता येतील. त्याखाली काय आहे ते नावांवरून दिसत नाही.

येथे मला स्वतःचीही एक कबुली दिली पाहिजे. अल नहदा ही वस्ती दुबई आणि शारजा यांच्या सीमेवर आहे. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. येथून मोटारीने तासाभरावर म्लेहा म्हणून जागा आहे. वाळवंटात जुनी थडगी, किल्ल्याचे अवशेष, आणि २०१६ पासून एक चांगले संग्रहालय. तेथे एका थडग्यात दोन लिप्यांतला लेख मिळाला आहे: एक दक्षिण अरबी, दुसरी अरामी. ओमानच्या राजाचा त्यात उल्लेख असून लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरचा आहे. मुलाने हे मला वाचून दाखवले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अरामी! आपल्या पूर्वजांच्या देशात त्या काळी बोलली जाणारी भाषा. आणि साल केहिमकरांच्या १७५ पासून जेमतेम अर्धशतक अलीकडे-पलीकडे. त्या उन्हात उभी राहून मी मनात गलबताचा सगळा मार्ग आखून टाकला: युफ्रातिसच्या मुखातून आखात, आखातातून हा किनारा, येथून चौल.

घरी येऊन चहा घेतला तेव्हा उमगले की मी गारस्टँगचाच तट बांधला होता. त्या काळी अरामी ही इराणच्या बादशाहीने मागे ठेवलेली, सर्व आशियात चालणारी कारकुनांची लिपी होती. ती दिसली म्हणजे यहुदी दिसला असे होत नाही, जसे इंग्रजी पाटी दिसली म्हणजे इंग्रज दिसला असे अल नहदात कोणी म्हणणार नाही. म्लेहा एवढेच सांगते की रस्ता होता. उम्म अल कुवैनमधील अद-दूर येथे पहिल्या शतकातील रोमन काच व हिंदुस्थानी खापरे निघाली आहेत; त्याच शतकातील पेरिप्लस या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कल्याणनंतर सेमिल्ला, म्हणजे चौल, येते. आखात आणि कुलाबा यांच्यामध्ये माणसे जात-येत होती. त्यात आपली होती का, आणि केव्हा, हे रस्ता सांगत नाही.

माणसांचा पुरावा लागतो तो पुढे, आणि मला आश्चर्य वाटते की आपल्यात त्याची चर्चा इतकी कमी होते. अरब लेखक चौलला सैमूर म्हणत. मसऊदी इ.स. ९१६ च्या सुमारास तेथे गेला होता आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती त्याने पाहिली. त्याच शतकातील अबू दुलफ या प्रवाशाचे वर्णन पुढे तेराव्या शतकात कझवीनीने उद्धृत केले. त्यात सैमूरला मुसलमान, ख्रिस्ती, अग्निपूजक यांच्याबरोबर यहुदी आहेत आणि त्यांची प्रार्थनामंदिरेही आहेत, असे आहे. अबू दुलफच्या सगळ्याच हकिगतींवर अभ्यासक विसंबत नाहीत; तरीही ही बातमी नौगावपासून काही कोसांवरची आहे. इ.स. १२०० च्या सुमारास रामबाम यांनी एका पत्रात लिहिले की हिंदुस्थानातील यहुद्यांना तोरा ठाऊक नाही, ते शब्बाथ व सुंता तेवढी पाळतात. त्यात कोकणाचे नाव नाही. पण वर्णन वाचून आपल्यातला कोणीही मान डोलावील. त्याच रामबामांच्या नावाचे प्रार्थनामंदिर २०२३ पासून अबू धाबीत उभे आहे, हा योगायोग मला सुखावून गेला. शेवटी २०१६ साली प्रसिद्ध झालेला रक्ताचा अभ्यास. त्यात बेने इस्राएलांत मध्यपूर्वेतील यहुदी आणि हिंदी, असे दोन्ही वारसे स्पष्ट निघाले आणि दोहोंची मिसळण एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वीची ठरली. म्हणजे गेल्या हजार वर्षांतली. मिसळण केव्हा झाली हे यातून कळते, आगमन केव्हा झाले हे नव्हे; पूर्वज त्याआधी कितीही काळ आलेले असू शकतात.

या सर्वांचा सारांश असा की आपण यहुदी वारशाचे आहोत याला भक्कम आधार आहे, इ.स.पू. १७५ ला नाही. काही वाचकांना याचे वाईट वाटेल. ते का वाटते हेही मला ठाऊक आहे. १९६२ साली इस्राएलमध्ये रब्बीमंडळाच्या सूचनेने आपल्या लोकांच्या लग्नांच्या वेळी आईकडच्या पिढ्या तपासाव्या असे ठरले, आणि आपली माणसे १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमात धरणे धरून बसली. त्या ऑगस्टात क्नेसेटमध्ये बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे सरकारतर्फे जाहीर झाले, तेव्हा कोठे वाद निवळला. ज्यांनी ते दिवस सोसले त्यांच्यासाठी १७५ हे साल म्हणजे खिशातला पासपोर्ट होता. पण लक्षात घ्या, तेव्हा जिंकले ते सालाने नव्हे. आपल्या पूर्वजांनी शब्बाथ पाळला, सुंता केली, शेमा म्हटला आणि मडके झाकले म्हणून जिंकले. सालावर मान टांगला तर उद्या एखादे खापर निघून ते साल पडेल, आणि मान पडल्यासारखे वाटेल. तसे होऊ नये.

म्हणून केहिमकरांचा ग्रंथ पुन्हा वाचला जावा, आणि मराठीतून वाचला जावा, अशी माझी इच्छा आहे. वाचताना त्यांची हकिगत व त्यांचे निदान वेगळे ठेवावे. निदान जुने झाले, तसे प्रत्येक डॉक्टरचे होते. पण त्यांनी लिहून घेतलेली हकिगत कोणाला पुन्हा घेता येणार नाही, कारण सांगणारे गेले. नौगावची टेकाडे खणा असे मी कधी म्हणणार नाही. मेलेल्यांची विश्रांती मोडण्याची आपली रीत नाही. पण घरोघरी अजून थोडे शिल्लक आहे. कोणाकडे आजीच्या तोंडचा एखादा शब्द असेल, मलिद्याच्या ताटाची एखादी वेगळी मांडणी असेल, सणाच्या आदल्या दिवशी करायची एखादी बिनकारणाची गोष्ट असेल. ती जशी ऐकली तशी, गाव व सांगणाऱ्याचे नाते घालून, लिहून ठेवा. अर्थ लावू नका, तारीख घालू नका.

माझी आई पेसाहच्या आदल्या संध्याकाळी कोकमाच्या आगळाची बाटली फडक्याने गुंडाळून कपाटाच्या मागच्या खणात ठेवीत असे. विचारले तर म्हणे, "तशी रीत आहे." केहिमकरांचे ते प्रकरण वाचेपर्यंत मला वाटत होते, मुंग्या लागू नयेत म्हणून ठेवीत असावी.